व्हेलची उलटी: कोटी राहिले बाजूला, आधी कोठडी

हायवेलगतचं हॉटेल, बाहेर लावलेली कार, डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला राखाडी-तपकिरी गोळा. समोरची पार्टी म्हणते आधी माल दाखवा मग पैशाचं बोलू. गरम सुई टोचतात, काळं चिकट वितळायला लागलं की ओरिजिनल. आणि ही पार्टी म्हणजे पोलिसांनीच पाठवलेलं बनावट गिऱ्हाईक! मुंबई, ठाणे, पुणे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कुठलीही बातमी काढा, थोड्याफार फरकाने हीच स्टोरी.

माल म्हणजे अंबरग्रीस, लोक ज्याला व्हेलची उलटी म्हणतात ते. स्पर्म व्हेल माकूल (स्क्विड) खातो, माकूलच्या चोची काही पचत नाहीत, मग आतड्यात त्यांच्याभोवती मेणासारखं काहीतरी साठत जातं आणि बाहेर पडलं की समुद्रात तरंगत राहतं. परफ्यूमचा वास टिकवायला लागतं म्हणून भाव. काही देशांत विकायला चालतं, तिथले व्हिडिओ बघून आपल्याकडच्या पोरांना वाटतं लॉटरीच लागली.

आपल्याकडे मात्र १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि स्पर्म व्हेल अनुसूची १ मध्ये, म्हणजे वाघाच्याच यादीत. पकडलेल्यांचं उत्तर ठरलेलं, साहेब आम्ही कुठं मारलाय, किनाऱ्यावर सापडलं. मारलेला नसतोच बहुतेक वेळा, पण नुसतं जवळ ठेवणं, इकडून तिकडं नेणं, विकायला काढणं हाही गुन्हाच, वर कलम ५७ म्हणतं की वस्तू तुमच्याकडे मिळाली तर ताबा बेकायदा असंच धरायचं, तसं नाही हे सिद्ध करायचं तुम्ही. शिक्षा कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७, दंड २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार. गाडी पण जप्त, आणि गुन्ह्यात वापरलेलं वाहन सरकारजमा होऊ शकतं, गाडीच्या कर्जाचे हप्ते मात्र चालूच. गोळा नकली निघाला तरी सुटका नाही, फसवणुकीचं कलम आहेच की.

कोटीचा आकडा सांगणारा मधला माणूस डिकी उघडताना सहसा जवळपास फिरकत नाही, सापडतो तो पिशवी धरलेला.

आता खरंच किनाऱ्यावर असलं काही दिसलं तर? उचलून घरी नेऊ नका. ताब्यात आलंच असेल तर ४८ तासांत पोलिसांना किंवा वनखात्याला कळवायचं असं कायदाच सांगतो. राज्याच्या वनखात्याची हेल्पलाइन १९२६.