टूल घेण्याआधी बाहेर पडायचा रस्ता बघा

मंडळी, मला दिलेला विषय आहे 'यंदा कोणतं फ्रेमवर्क शिकावं?' (फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा.) उत्तर लगेच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना लोकल गाठायची आहे ते निघू शकतील. तुम्हाला जिथे नोकरी करायची आहे तिथे जे चालतं ते शिका. आज बहुतेक ठिकाणी ते रिअ‍ॅक्ट आहे. झालं. उरलेल्या वेळात मला टूल सोडताना काय होतं त्याबद्दल बोलायचंय. घेताना सगळेच हौशी असतात. 'अर्ध्या तासात शिका' म्हणणारे व्हिडिओ ढिगाने मिळतात. 'पाच वर्षांनी यातून बाहेर कसं पडायचं' यावर कुणी व्हिडिओ काढत नाही.

अँग्युलरजेएस हे असंच एक फ्रेमवर्क २०१० साली आलं. मागे गूगलचं नाव, त्यामुळे कंपन्यांनी डोळे मिटून घेतलं. मग २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं आणि नाव सोडलं तर त्यात जुनं जवळजवळ काही उरलं नव्हतं. जुना कोड नव्यात नेणं म्हणजे तो बऱ्याच अंशी पुन्हा लिहिणं. जुनं आणि नवं एकाच पानावर शेजारी चालवायची सोय होती, पण असा दुहेरी संसार ज्यांनी केलाय त्यांना विचारा. जुन्याचा अधिकृत सपोर्ट ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. मला गूगलला दोष द्यायचा नाही, जुन्या रचनेच्या अडचणी खऱ्याच होत्या. पण त्यांनी नवं लिहायचं ठरवलं आणि बिल फाडलं इतरांच्या नावावर.

अँग्युलर २ आलं त्याच वर्षी, २०१६ च्या मार्चमध्ये, लेफ्ट-पॅडचं प्रकरण झालं. एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला, वैतागलेल्या लेखकाने एनपीएमवरची, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार कोडच्या सामायिक कोठारातली, आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली, आणि त्यात हे एक होतं: जेमतेम ११ ओळींचं, मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा किंवा शून्यं भरणारं. जगभरचे बिल्ड, म्हणजे कोडपासून चालती साइट तयार करायची कामं, कोसळले. ज्यांनी लेफ्ट-पॅडचं नावही ऐकलं नव्हतं त्यांचेसुद्धा, कारण ते बेबेल या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या टूलच्या पोटात कुठेतरी होतं. यावर विनोद पुष्कळ झाले. पुढचा भाग मात्र फार कुणी सांगत नाही: पुढच्याच वर्षी, जावास्क्रिप्टच्या ईएस२०१७ या आवृत्तीत, तेच काम करणारं पॅडस्टार्ट भाषेतच आलं.

हे वारंवार होतं. जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी २००६ ची. पानावरचे घटक निवडायची तिची पद्धत ब्राउझरने क्वेरीसिलेक्टर म्हणून उचलली, सर्व्हरकडून माहिती मागवणाऱ्या तिच्या एजॅक्सच्या जागी फेच आलं. पानाचं रूप ठरवणारी भाषा सीएसएस; ती लिहिणं सोपं करणाऱ्या सास या टूलमधली व्हेरिएबल्स सीएसएसमध्येच आली, २०२३ मध्ये नेस्टिंगही (नियमात नियम लिहिणं) आलं. म्हणजे ही टूल्स वाया गेली असं नाही. ब्राउझरला काय हवं ते त्यांनीच दाखवून दिलं. म्हणून नवं टूल दिसलं की मी आधी बघतो, यातलं किती ब्राउझरमध्ये आधीच आहे. बरेचदा निम्मं असतं. उरलेल्या निम्म्यासाठी टूल घ्यायला माझी हरकत नाही.

आता आपल्या घरातलं उदाहरण, कारण टूलमध्ये अडकणं म्हणजे काय हे मराठी माणसाइतकं कुणाला कळायला हवं? युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ ची, देवनागरी तिच्यात पहिल्यापासून आहे. पण ती संगणकावर नीट दिसायला बराच काळ लागला आणि तोवर काम थांबणार नव्हतं. मग फाँटांनी युक्ती केली: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले. कृतिदेव या फाँटमध्ये 'भारत' टाइप केलंत तर फाइलमध्ये साठतं एच, के, के, जे, आर. फाँट आहे तोवर ते 'भारत', फाँट काढला की अगम्य इंग्रजी. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याला वाचता येत नसे. मराठी वृत्तपत्रांच्या सुरुवातीच्या संकेतस्थळांवर हाच प्रकार होता; फाँट पानाबरोबर पाठवायची सोय इंटरनेट एक्सप्लोररमध्ये होती, म्हणून तोच ब्राउझर वापरा अशी सूचना. सर्च इंजिनच्या दृष्टीने त्या पानांवर मराठी नव्हतंच.

त्या काळी हे करणाऱ्यांना नावं ठेवणारे उंटावरचे शहाणे आज खूप भेटतात. दुसरा मार्ग होता कुठे? छापखाने, सरकारी कचेऱ्या, दिवाळी अंक याच फाँटांवर चालले. माझी तक्रार नंतरच्या काळाची आहे. युनिकोड चालू लागल्यावरही वर्षानुवर्षं लोक तिथेच राहिले, कारण बाहेर पडायला कन्व्हर्टर लागतो आणि तो जोडाक्षरांवर हमखास अडखळतो. याउलट मराठी विकिपीडिया २००३ ला सुरू झाला तो युनिकोडवरच. तेव्हाचे लेख आज फोनवर उघडतात, शोधता येतात, कुठलाही कन्व्हर्टर लागत नाही.

युनिकोडवर आलो म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं समजू नका. 'मुख्यमंत्र्यांच्या' हा शब्द घ्या. आपल्या डोळ्यांना मु, ख्य, मं, त्र्यां, च्या अशी पाच अक्षरं. जावास्क्रिप्टला लांबी विचारा, ती सांगते १८, कारण ती काना, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळं सुटं मोजते. बातमीचा मथळा ठरावीक लांबीवर कापणारा कोड नेमका चुकीच्या ठिकाणी पडला की 'मुख्यमंत्' असा लटकता हलंत दिसतो. तुम्ही सगळ्यांनी तो पाहिलाय, मोबाइलच्या नोटिफिकेशनमध्ये रोज असतो. यावर इंटल-सेगमेंटर आहे, मजकूर अक्षराअक्षराने तोडणारा, ब्राउझरचा स्वतःचा; फायरफॉक्समध्ये तो २०२४ ला आला आणि आता सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. जोडाक्षर फोडू नये हा नियम युनिकोडच्या मूळ नियमांत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या ब्राउझरवर तपासून घ्या.

दुसरं, 'शेतकऱ्यांना'. यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ऱ नावाचं वेगळं अक्षर आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि न दिसणारा एक जोडक. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब. शोधताना मात्र एकाला दुसरा सापडत नाही आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) इथे कामाला येत नाही. योजनेचं पान एका पद्धतीने लिहिलेलं, शोधणाऱ्याचा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीचा, की उत्तर येतं 'काही सापडलं नाही'. साठवण्याआधी मजकूर आणि शोधण्याआधी शब्द, दोन्ही कोडच्या दोन ओळींत एकाच रूपात आणले की प्रश्न मिटतो. या दोन ओळी रिअ‍ॅक्टमध्ये चालतात, व्ह्यूमध्ये चालतात, पुढे जे येईल त्यातही चालतील.

एआयबद्दल थोडंच बोलतो, कारण बाकी सगळे त्याबद्दलच बोलतायत. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रेय कारपथीने 'व्हाइब कोडिंग' हा शब्द सोडला आणि आता एआयने लिहिलेला कोड न वाचता वापरणं ही जणू शैलीच झालीये. मी ही साधनं वापरतो, कंटाळवाणं काम ती झपाट्याने उरकतात. पण मथळा कापायला सांगितला की ती सरळ स्लाइस, म्हणजे ठरावीक लांबीवर कापणारी आज्ञा, लिहून मोकळी होतात. इंग्रजीत ते खपूनही जातं. 'जोडाक्षर तुटू देऊ नकोस' म्हटलं की लगेच सेगमेंटर वापरतात. म्हणजे तसं सांगणारा माणूस लागतोच. बाहेर पडण्याच्या दृष्टीने मला त्यांची फार भीती वाटत नाही, कारण हातात येतो तो साधा कोड, साध्या फाइलींत. भीती वाटते ती मजकूर स्वतःच्याच डेटाबेसमध्ये ठेवणाऱ्या 'क्लिक करा, साइट तयार' सेवांची. तिथे पैसे भरण्याआधी दहा पानं भरा, एक्स्पोर्टचं बटण दाबा आणि आलेली फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा. मराठी धड वाचता आली, चित्रांचे पत्ते त्यांच्या सर्व्हरखेरीज चालले, तर घ्या. बटणच सापडलं नाही, तर विक्रीवाल्याला फोन करून विचारा. बहुतेकदा 'ते पुढच्या आवृत्तीत येतंय' असं ऐकायला मिळतं.