गोळ्यांवरचा आळ

(दृश्य : परळ. सकाळची ओपीडीची वेळ. पुलावरून के.ई.एम.च्या दिशेने उतरणारी गर्दी.)

के.ई.एम. रुग्णालय, वाडिया प्रसूतिगृह आणि राष्ट्रीय प्रजनन व बाल स्वास्थ्य संशोधन संस्था. परळमधल्या या तिन्ही इमारती एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मूल नको असेल तेव्हा काय करायचं, याचं संशोधन त्या संस्थेत वर्षानुवर्षं झालं. आणि त्याच संस्थेतले शास्त्रज्ञ आणि के.ई.एम.च्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या एकत्र कामातून 6 ऑगस्ट 1986 रोजी, संपूर्ण शास्त्रीय नोंदी असलेलं देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ के.ई.एम.मध्ये जन्माला आलं. मूल नको आणि मूल हवं, हे दोन्ही प्रश्न इथे एकाच परिसरात अभ्यासले गेले.

घरात मात्र या दोन प्रश्नांची गाठ भलत्याच ठिकाणी मारली जाते.

(दृश्य : बाह्यरुग्ण विभागाबाहेरचा बाक. चेहरे नाहीत. मांडीवरच्या फाइली, पर्सचे बंद, हात.)

लग्नानंतर दोन-तीन वर्षं प्लॅनिंग केलं. जागेचे हप्ते होते, नणंदेचं लग्न व्हायचं होतं, नोकरी कायम व्हायची होती. मग गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. पाळी यायची तेव्हा येतच राहिली. आणि मग कुणीतरी म्हणतं, "तेव्हा गोळ्या खाल्ल्यात ना, त्याचंच हे." कधी सासू म्हणते, कधी शेजारची काकू म्हणते. आणि रात्री दिवा मालवल्यावर ती स्वतःच स्वतःला म्हणते, तेव्हा ते सगळ्यांत जास्त लागतं.

या फिल्ममध्ये आम्हाला एवढंच स्वच्छ सांगायचं आहे, की हा आळ खोटा आहे.

(दृश्य : माला-एनचं पाकीट, अगदी जवळून. एकेका गोळीवरून सरकणारा कॅमेरा.)

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी ही माला-एन. पाकिटात 28 गोळ्या असतात. पहिल्या 21 गोळ्यांमध्ये दोन संप्रेरकं असतात. उरलेल्या सात नुसत्या लोहाच्या, अंगात रक्त भरावं म्हणून आणि रोज गोळी घ्यायची सवय मोडू नये म्हणून. 21 गोळ्या चालू असतात तोवर मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोप थांबलेला असतो, त्यामुळे बीज बाहेर पडत नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की संप्रेरकांचा आधार सुटतो आणि रक्तस्राव होतो. पाळीसारखा दिसला तरी तो पाळीचा स्राव नव्हे, कारण त्या महिन्यात बीज पिकलेलंच नसतं.

हे नीट समजून घेतलं, तर पुढचा बराच गोंधळ टळतो. गोळ्यांवर असताना ज्या बाईची तारीख घड्याळासारखी यायची, तिची गोळ्या सोडल्यावर कधीकधी पाळी लांबते. तिला वाटतं, गोळ्यांनी बिघडवलं. वास्तविक पुष्कळदा गोळ्यांनी तिची मूळची अनियमितता झाकून ठेवलेली असते. पुष्कळ मुलींना पीसीओडी, म्हणजे अंडाशयाच्या कामातला बिघाड, आहे म्हणून, पाळी लावून देण्यासाठीच या गोळ्या दिल्या जातात. गोळ्या बंद झाल्या की जुनं दुखणं पुन्हा वर येतं, इतकंच.

ही संप्रेरकं शरीरात साठून राहत नाहीत. गोळी थांबवल्यावर काही दिवसांत ती निघून जातात. बहुतेकींचं बीज पुढच्या काही आठवड्यांतच सुटू लागतं. काहींना दोन-तीन महिने लागतात. गोळ्या सोडल्यावर एका वर्षाच्या आत साधारण 80 टक्के बायकांना दिवस राहतात, म्हणजे ज्यांनी कधी गोळी घेतलीच नाही त्यांच्या जवळपास तेवढेच. किती वर्षं गोळ्या घेतल्या, त्यानेही यात फरक पडत नाही. "गोळ्या सोडल्यावर तीन महिने थांबा, अंग साफ होऊ द्या," हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. त्याची गरज नाही. लगेच चान्स घेतला तरी बाळाला धोका नसतो. एक पाळी येऊ दिली तर दिवस मोजायला सोपं जातं, एवढाच काय तो फायदा. एक मात्र लक्षात ठेवा. गोळ्या सोडल्यावर पाळी आलीच नाही, तर आधी घरी लघवीची तपासणी करा. पहिली पाळी यायच्या आतही दिवस राहू शकतात. तपासणीत काही नाही आणि तीन महिने पाळीही नाही, असं झालं तर डॉक्टरांकडे जा.

(दृश्य : दवाखान्यातलं टेबल. तांबी, इंजेक्शनची कुपी, तारखांचं कार्ड.)

तांबीचं तर त्याहून सोपं आहे. तांबीत संप्रेरक नसतंच, तांबं असतं. डॉक्टर दोरा धरून ती काढतात, काही मिनिटांचं काम, आणि त्याच महिन्यापासून दिवस राहू शकतात. निरोधचा तर प्रश्नच नाही. घाईच्या वेळी मेडिकलमधून आणलेल्या 72 तासांच्या गोळीने त्या महिन्याची तारीख मागेपुढे होईल, पुढे मूल व्हायला तिची आडकाठी नसते.

खरा उशीर होतो तो इंजेक्शनमुळे. 2017 पासून सरकारी केंद्रांत 'अंतरा' नावाने दर तीन महिन्यांनी फुकट मिळणारं हे इंजेक्शन चांगलं आहे, सोयीचं आहे, घरात कुणाला कळूही न देता घेता येतं. पण त्याचं औषध स्नायूतून हळूहळू उतरतं. शेवटच्या इंजेक्शननंतर बीज पुन्हा सुटायला साधारण सात ते दहा महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. हा उशीर कायमचा नसतो, दीड वर्षाच्या आत बहुतेकींना दिवस राहतात. पण पहिलं इंजेक्शन टोचतानाच हे समोर बसवून सांगायला हवं, आणि नेमकं तेच घाईगर्दीत राहून जातं. मग इंजेक्शन थांबवल्यावर आठव्या महिन्यात ती बाई घाबरून एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. पुढच्या वर्षी मूल हवं असेल, तर या वर्षी अंतरा घेऊ नका, दुसरं साधन निवडा. त्या कार्डावरची शेवटची तारीख जपून ठेवा, डॉक्टर आधी तीच विचारणार आहेत.

(दृश्य : संध्याकाळची लोकल. बायकांचा डबा. भाजी निवडणारे हात, खिडकीतून मागे पडणारे टॉवर.)

तरीही गोळ्यांवरच बोट का ठेवलं जातं? आम्हाला याचं उत्तर वयात दिसतं. या शहरात घर व्हायला वेळ लागतो, त्यामुळे लग्नं उशिरा होतात. सत्ताविसाव्या वर्षी सुरू केलेल्या गोळ्या चौतिसाव्या वर्षी बंद होतात. मधल्या सात वर्षांत गोळ्यांनी बीजं संपवलेली नसतात, पण वय सात वर्षांनी वाढलेलं असतं, आणि पस्तिशीनंतर मूल राहण्याची शक्यता झपाट्याने कमी होत जाते. गोळ्या आणि वय बरोबरच चालत आले, म्हणून दोष गोळ्यांच्या माथी येतो.

या आळाची किंमत दोघी मोजतात. जिच्यावर तो येतो ती मनातून खचते, आणि डॉक्टरांसमोरही गोळ्यांचं लपवते. तिच्या मागची, नुकतंच लग्न झालेली धाकटी जाऊ हे सगळं ऐकत असते. ती भीतीने गोळ्या घेतच नाही, आणि नको असताना दिवस राहिले की गर्भपाताला जाते. रघुनाथ धोंडो कर्वे या गणिताच्या प्राध्यापकाने याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याला 1921 साल उजाडलं होतं. शंभर वर्षं उलटून गेली. साधनं दवाखान्यात फुकट मिळू लागली, पण त्यांच्याविषयीची भीती घराघरांत तशीच आहे, याचं फार वाईट वाटतं.

(दृश्य : भिंतीवरचं कालनिर्णय. पाळीच्या तारखांना केलेले गोल.)

आता दिवसांचा हिशेब. बीज चौदाव्या दिवशीच सुटतं, असं पुष्कळ जण धरून चालतात. ते सुटतं पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. जिची पाळी 28 दिवसांनी येते तिच्या बाबतीत दोन्ही एकच. पण जिची 35 दिवसांनी येते, तिचं बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं, आणि ती बिचारी चौदावा दिवस धरून बसलेली असते. बीज जेमतेम एक दिवस टिकतं. शुक्रजंतू मात्र शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीज सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, हे सहा दिवस महत्त्वाचे.

एकाच तारखेचा ध्यास घेण्यापेक्षा, पाळी संपल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी जवळ आलं तर हे सहा दिवस आपोआप साधतात. वाक्य सोपं आहे, पण दहा बाय बाराच्या खोलीत पडद्यापलीकडे सासू-सासरे झोपलेले असताना, एकाची रात्रपाळी आणि दुसरीची सकाळची 6.40ची लोकल असताना ते जमवणं किती कठीण असतं, हे या शहरातल्या कुणालाही सांगायला नको. घरच्या मोठ्यांना खरंच नातवंड हवं असेल, तर त्यांनी "काही आहे का?" असं दर महिन्याला विचारणं थांबवावं, आणि अधूनमधून चार दिवस गावी जाऊन यावं. हे आम्ही मनापासून सांगतो आहोत.

सगळं जुळून आलं तरी तिशीच्या आतल्या निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण चारात एक असते. तीन-चार महिने पाळी येत राहणं म्हणजे दोष नव्हे. या काळात तिने रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घ्यावी, शक्यतो दिवस राहायच्या आधीच सुरू करून. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या 28 दिवसांत मिटते, आणि तोवर पुष्कळ जणींना आपल्याला दिवस राहिलेत हे कळलेलंही नसतं.

(दृश्य : लॅबचा काउंटर. झाकणाची छोटी प्लास्टिकची डबी. तिच्यावर नाव आणि वेळ लिहिणारा हात.)

आता त्याच्याबद्दल. मूल राहत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाच्या बाजूनेही काही ना काही कारण असतं. तरीही सोनोग्राफी तिची, रक्ताच्या तपासण्या तिच्या, गर्भनलिकांचा एक्स-रे तिचा, उपास तिचे, नवसही तिचेच. वीर्याची तपासणी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत सोपी, त्यात सुई लागत नाही, आणि ती सगळ्यांत शेवटी होते.

दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा असतो. घरून आणायचा तर डबी अंगाच्या उबेला धरून साधारण तासाभरात लॅबमध्ये पोहोचावी लागते. विरार किंवा बदलापूरहून दादरपर्यंत ते कसं जमणार? म्हणून लॅबमध्येच एक छोटी खोली असते. माणूस अवघडून आत जातो, अवघडून बाहेर येतो, डबी खिडकीत ठेवतो आणि मान खाली घालून जिना उतरतो. हे अवघडलेपण आम्ही समजू शकतो. पण त्यापायी त्याच्या बायकोची दोन-दोन वर्षं उपचारात जातात, हे समजून घेता येत नाही. शुक्रजंतूंचा आकडा कमी आला तरी तिथे सगळं संपत नाही. नवे शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. तंबाखू आणि दारू सोडली, वजन उतरवलं, काही महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर पुष्कळदा फरक दिसतो.

(दृश्य : केसपेपरची खिडकी. रांग.)

डॉक्टरांकडे कधी जायचं? तिचं वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांनी. पाळी फारच अनियमित असेल, पोटात असह्य दुखत असेल, किंवा पूर्वी कधी टीबी झाला असेल, तर वाट न पाहता लगेच. टीबी फक्त फुप्फुसाचा नसतो. तो गर्भनलिकांना धरला तर त्या आतून चिकटतात, आणि आपल्या देशात नळ्या बंद होण्याचं ते एक मोठं कारण आहे. कधीकधी पाळी कमी जाणं एवढीच त्याची खूण असते.

जाताना मागच्या पाच-सहा पाळ्यांच्या तारखा लिहून न्या. कोणतं साधन वापरलं आणि कधी बंद केलं, हे न लपवता सांगा. जुने रिपोर्ट घ्या, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही. पहिल्याच भेटीला दोघांनी एकत्र जा. आणि त्या खिडकीवर केसपेपर दोघांच्या नावाने काढा.