मुंबई हायकोर्टाची नागपूरची इमारत इतकी वेगळी का दिसते?

नमस्कार मंडळी! ठाण्याच्या कोर्टनाक्यावरून बोलतोय. इथून अपिलात जायचं म्हणजे फोर्ट गाठायचं. त्यामुळे मुंबई हायकोर्ट म्हटलं की आपल्याला १८७८ मध्ये पूर्ण झालेली ती काळ्या दगडाची, टोकदार गॉथिक इमारतच आठवते. पण याच हायकोर्टाची एक इमारत नागपूरला सिव्हिल लाइन्समध्ये आहे, आणि मला विचाराल तर तीच जास्त देखणी.

गंमत म्हणजे, ती बांधली तेव्हा तिचा मुंबईशी काडीचा संबंध नव्हता. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. आधी तिथं ज्युडिशियल कमिशनरचं कोर्ट, म्हणजे प्रांतातलं तेव्हाचं सगळ्यात वरचं कोर्ट होतं. स्वतःचं हायकोर्ट मिळालं ९ जानेवारी १९३६ ला. बरोब्बर वर्षानं, त्याच तारखेला, गव्हर्नर सर हाइड गोवन यांनी या इमारतीची पायाभरणी केली.

वास्तुरचनाकार हेन्री मेड. नवी दिल्ली उभी राहत होती तेव्हा तिथं घडलेला माणूस. तिथली दोन मोठी कॅथेड्रल त्यांचीच.

(स्क्रीनवर समोरून घेतलेला फोटो)

ती दिल्ली इथं लगेच ओळखू येते. वालुकाश्म, मधोमध घुमट, आणि नक्षीचा सोस अजिबात नाही. लांबी ४०० फूट, म्हणजे आपल्या लोकलचे जवळपास सहा डबे. उंची मात्र साधारण ५२ फूट. फक्त घुमट १०९ फुटांवर जातो. फोर्टची इमारत आपल्याला मान वर करायला लावते, ही ऐसपैस आडवी पसरते. दोनच मजले, आणि आत बागेचा चौक. नागपूरच्या मे महिन्यात त्या चौकाचं मोल कळतं!

खर्च आला ७ लाख ३७ हजार ७४६ रुपये. ६ जानेवारी १९४० ला व्हाइसरॉय लिनलिथगो उद्घाटनाला आले आणि इमारतीला ‘दगडातली कविता’ म्हणाले. उद्घाटनात पाहुणे कौतुक करतातच म्हणा, पण इथं ते शोभतं.

प्रांताचा हा तोरा जेमतेम सोळा वर्षं टिकला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, मध्य प्रांताचं पुढे जे मध्य प्रदेश झालं त्याचं हायकोर्ट जबलपूरला गेलं, इथले मुख्य न्यायाधीश हिदायतुल्लाही तिकडे गेले. विदर्भ मुंबई राज्यात आला आणि या इमारतीत मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ बसू लागलं.

बघायची असेल तर विदर्भ एक्सप्रेस ठाण्याला थांबते. नुसती समोरून बघू नका, कोपऱ्यावर उभे राहा. तिथून २३० फुटांची बाजूही दिसते आणि पसारा किती आहे ते कळतं. आत शूटिंग करायच्या भानगडीत मात्र पडू नका, कोर्ट आहे ते!