इंटरनेट ऐकू यायचं तेव्हा

नमस्कार मंडळी. विषय दिलाय जुने कॉम्प्युटर आणि डायल-अपच्या, म्हणजे फोनच्या लाइनवरनं चालणाऱ्या इंटरनेटच्या आठवणी, आणि आठवणी म्हटलं की माणूस घसरतोच, तेव्हा काय मजा होती वगैरे सुरू होतं, तर ते मी आधीच बाजूला ठेवतो. मजा बिजा काही नव्हती हो. चार एमबीचं एक गाणं उतरवायला वीस वीस मिनिटं लागायची आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीत कुणी पॅरलल फोन उचलला की संपलं, परत पहिल्यापासून. अमेरिकेत एओएल कंपनीनं त्यांचं डायल-अप ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केलं, त्या बातमीवर आपल्याकडे जे लोक हळहळत होते ना, त्यातल्या निम्म्यांनी तेव्हा टेलिफोनचं बिल बघून पोरांना धुतलंय. समोर बसलेत काही, नावं घेत नाही.

तरी एक गोष्ट गेली आणि तिचं मला खरंच वाईट वाटतं, ती म्हणजे आवाज. मी बरीच वर्षं इंदूरच्या आरएनटी मार्गावर मशीनी रिपेअर करत होतो, सिल्व्हर मॉलच्या आसपास, तर माझा अर्धा धंदा कानावर चालायचा असं म्हटलं तरी चालेल. कस्टमर कॅबिनेट बगलेत मारून यायचा, "भिया, पिक्चरच नी आ रिया". मी काही उघडायचो नाही, आधी नुसतं चालू करून ऐकायचो. एकच छोटी बीप आली तर मशीन ठीक, मॉनिटरची वायर बघा. अवॉर्ड कंपनीचा बायोस, म्हणजे मशीन चालू होताना आधी चालतो तो प्रोग्रॅम, असेल आणि एक लांब, दोन छोट्या आल्या तर डिस्प्ले कार्ड. आणि लांब लांब बीप थांबायलाच तयार नसेल तर रॅम. मग रॅमची पट्टी काढायची, तिचे ते पिवळे दात पेन्सिलच्या खोडरबरनं दोन्ही बाजूंनी घासायचे, रबराचा भुगा नीट फुंकून टाकायचा, पट्टी परत बसवायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक टक लागल्या पाहिजेत, आणि दहातली सहा मशीनं तिथंच सुरू. कस्टमरला वाटायचं याचे पैसे कसले. बरोबर आहे, खोडरबरचे नव्हतेच, ऐकण्याचे होते.

त्याच्याही आधीचं सांगतो. ज्यांनी स्पेक्ट्रम नावाचा तो छोटा कॉम्प्युटर बघितलाय त्यांनी हात वर करा. तीन, चार, बरेच आहेत की! ब्रिटनमध्ये हे मशीन १९८२ साली आलं, ४८ के मेमरी, रबराची बटणं, आणि डिस्क वगैरे काही नाही, प्रोग्रॅम यायचा ऑडिओ कॅसेटवर. आपल्या साध्या टेपरेकॉर्डरवर. टीव्हीला मशीन जोडायचं, टेपरेकॉर्डरची वायर मशीनच्या पाठीत खुपसायची आणि प्ले दाबायचं. आधी एक सरळ लांब सूर यायचा, तेव्हा स्क्रीनच्या कडेला लाल आणि आकाशी पट्टे, मग एकदम किरकिर सुरू व्हायची आणि पट्टे निळे-पिवळे व्हायचे. ती किरकिर म्हणजेच प्रोग्रॅम. शून्यासाठी छोटी लाट, एकासाठी दुप्पट लांबीची, बास. पूर्ण ४८ के भरायला पाचएक मिनिटं लागायची आणि शेवटच्या मिनिटाला हमखास टेप लोडिंग एरर. माझ्या मामेभावाकडे हे मशीन होतं, त्याच्याकडे गल्लीतली सगळी पोरं जमायची, आणि एरर आली की तो बारीक स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा आणि टेपच्या हेडशेजारचा छोटा स्क्रू केसभर फिरवायचा, डोळे मिटून, आवाज खणखणीत होईपर्यंत. हेड तिरकं असलं की वरचे सूर बसून जातात, मशीनला एक आणि शून्य वेगळे कळत नाहीत. म्हणजे कॉम्प्युटरला जे कळत नव्हतं ते त्या नववीतल्या पोराच्या कानाला कळत होतं. त्याच हेडवरनं त्याच्या आईला नंतर नाट्यगीतं चपटी ऐकू यायला लागली, कारण तिच्या कॅसेटी दुसऱ्या टेपवर भरलेल्या, ती भांडणं वेगळीच.

आता इंटरनेट. सामान्य माणसासाठी ते आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं सुरू केलं, पण फक्त मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास. इंदूर त्यात कुठं? ज्यांना फारच हौस होती त्यांनी एसटीडी, म्हणजे बाहेरगावचा फोन लावून मुंबईच्या नंबरावर मॉडेम जोडायचं, म्हणजे कॉम्प्युटरला फोनच्या लाइनवर बोलायला लावणारी ती डबी, म्हणजे इंटरनेटचे पैसे वेगळे आणि ट्रंकचे वेगळे. विद्यार्थ्यांचं स्वस्तातलं अकाउंट होतं पण त्यात चित्रं नाहीत, नुसती अक्षरं, काळ्या पडद्यावर. पुढे १९९८ च्या शेवटी खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, आपल्याकडेही १७२ नं सुरू होणारे लोकल नंबर आले, आणि मग घराघरात ते सुरू झालं. तासांचं पॅक दुकानातून आणायचं, वर फोनचा पल्स तीन तीन मिनिटाला पडतोच आहे. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, अरे पुण्याहून मावशी दोन तास फोन लावतेय, लागतच नाहीये.

बरं, ते मॉडेम ओरडायचं का? हे लोकांना अजून माहीत नसतं, वाटतं बिघाड होता. टेलिफोनची लाइन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच तिच्यातून जातं, त्याच्या वरचं खालचं एक्सचेंज कापून टाकतं. मग कॉम्प्युटरला त्या लाइनवरून काही पाठवायचं तर त्याला माणसासारखा आवाजच काढावा लागणार, दुसरा रस्ताच नाही. आता क्रम ऐका. आधी रिले खट करून पडायचा, म्हणजे मॉडेमनं फोन उचलला. मग डायल टोन. मग नंबर, टोनवर असेल तर टीटूटी आणि जुनं एक्सचेंज असेल तर कटकटकट, त्यासाठी सेटिंगमध्ये पल्स करून द्यावं लागायचं, न केल्यानं कितीतरी नवी मॉडेमं लोकांनी खराब म्हणून परत आणलीत. मग पलीकडून एक शिट्टी यायची, २१०० हर्ट्झची, सलग वाटायची पण नीट ऐकलं तर अर्ध्या सेकंदाच्या आत मधेमधे बारीक गचका बसायचा. तो गचका मुद्दाम असायचा. लांबच्या फोनवर आपलाच आवाज परत ऐकू येऊ नये म्हणून लाइनवर जी यंत्रं बसवलेली असतात, त्यांना तो निरोप होता, की बाबांनो आता माणूस नाहीये, तुम्ही गप्प बसा, मधे पडू नका. मग ते टँग-टँग, आणि वेगवेगळे सूर एकदम, त्यात दोन्ही मॉडेमं लाइन तपासून बघायची, कुठला सूर नीट पोचतो, कुठला मरतो. मैफलीच्या आधी तबलजी हातोडीनं ठोकून बघतो ना, तसंच. आणि शेवटी ती खरखर, जी सगळ्यांना आठवते, तिच्यात ती एकमेकांना जुळवून घ्यायची. जुळलं की स्पीकर आपोआप बंद, आणि पडद्यावर स्पीडचा आकडा, सेकंदाला किती बिट.

तो आकडा यायच्या आधी मला कळलेला असायचा. खरखर एका दमात संपली तर ४४-४५ हजार. मधेच तुटून परत शिट्टीपासून सुरू झाली तर समजायचं लाइनला ओल आहे, २८ वर येऊन बसणार. पॅकेटवर छप्पन लिहिलेलं असायचं, ते कुणालाच मिळायचं नाही, आणि त्यात फसवणूक नव्हती हां. एक्सचेंज आवाजाचे सेकंदाला ८००० तुकडे करतं, प्रत्येक तुकडा ८ बिटचा, म्हणजे ६४ हजार ही त्या लाइनची कमाल, त्यातून सोडून द्यावं लागतं ते सोडून छप्पन. तेही फक्त येताना. जाताना ३३.६, त्यामुळे फोटो पाठवणं म्हणजे शिक्षाच.

आता इंदूरची रात्र. सराफ्यातून गराडू, भुट्ट्याचा कीस खाऊन पोरं बाराला घरी यायची आणि मग नेटवर बसायची, लाइन मोकळी, मावशी झोपलेली. पण ती खरखर रात्री साडेबाराला रामबागेच्या वाड्यात कशी वाटत असेल विचार करा. तर माझ्याकडे पोरं यायची, काका आवाज बंद करून द्या. सोपं होतं, मॉडेमच्या एक्स्ट्रा सेटिंगमध्ये ए टी एम शून्य टाकायचं, मॉडेम मुकं. मी करून द्यायचो पण सांगायचो की आता आंधळेपणानं बसावं लागेल. आणि आठवड्यात तीच पोरं परत, काका लागतच नाहीये, ६८० येतंय, ६७८ येतंय. ६८० म्हणजे डायल टोनच नाही, ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही. ही माहिती ते मॉडेम फुकटात तोंडानं सांगत होतं, तुम्हीच त्याचं तोंड दाबलंत. स्पीकर सुरू करून द्यायचो, वर पायातल्या मोज्यात गुंडाळून ठेव म्हणून सांगायचो. एकानं खरंच ठेवलं, ते इतकं तापलं की मोज्याचा वास यायला लागला. ते पावसाळ्यात गेलंच असतं म्हणा, वीज कडाडली की आधी फोनची वायर काढायची हे कुणी ऐकायचं नाही, जुलैमध्ये माझ्या टेबलावर जळक्या मॉडेमांचा ढीग असायचा.

२००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, २५६ केबीपीएस, तेव्हा ते विमानासारखं वाटलं. फोनही चालू आणि नेटही चालू, आणि आवाज नाही. त्याच तांब्याच्या जुन्या तारेवर! लोक म्हणायचे टेक्नॉलॉजी सुधारली म्हणून गप्प झालं. तसं नाही. ते २५ हजार हर्ट्झच्या वर, पार अकरा लाखांपर्यंत ओरडतं, आपला कान वीस हजाराला संपतो. डायल-अपपेक्षा कितीतरी जास्त आरडाओरडा त्या तारेत चालला होता, फक्त आपल्याला त्यातून वगळलं होतं. फोनला ती छोटी डबी लावायला द्यायचे ना, फिल्टर, ती तो आरडाओरडा फोनमध्ये शिरू नये म्हणूनच.

आणि इथं माझं भांडण आहे. स्पीडबद्दल नाही, स्पीड हवाच, मी काही परत वीस मिनिटं गाण्यासाठी बसणार नाही. पण आता मोबाईलवर ते चक्र फिरतं आणि फिरतच राहतं, आणि ते काय करतंय हे ना तुम्हाला कळतं ना मला. टॉवर नाही? सर्व्हर मेला? पैसे कापले गेले का नाही? काही नाही, चक्र. परवा वीज बिल भरताना माझी बायको त्या चक्राकडे बघत पंधरा मिनिटं बसली, मग दुसऱ्यांदा भरलं, आणि दोन्ही वेळचे पैसे गेले. मला विचारते, तू एवढी वर्षं हेच काम केलंस, तुला कळत नाही? नाही कळत. कसं कळणार, ते बोलतच नाही. ज्यांनी ते बनवलं त्यांना ते दाखवणं जड नव्हतं, आमच्या ३३.६ च्या डब्यावरसुद्धा आठ दिवे होते आणि प्रत्येकाखाली दोन अक्षरं, लाइन उचलली, समोरचा सापडला, डेटा येतोय, डेटा जातोय. मुद्दाम झाकलंय असं मी म्हणणार नाही, पण कुणाला ते दाखवावंसं वाटलं नाही हे खरं.

असो, चहा आलेला दिसतोय. जाता जाता एक काम. कुणाच्या माळ्यावर जुनं बाहेरचं मॉडेम पडलं असेल, अडाप्टर नसला तरी चालेल, तर भंगारवाल्याला देऊ नका, मला द्या. दोन मॉडेमं आणि एक छोटं इंटरकॉम एक्सचेंज जोडून शाळेच्या पोरांना ती सगळी खरखर टप्प्याटप्प्यानं ऐकवायचीय. एक माझ्याकडे आहे. दुसरं हवंय, शक्यतो मोज्यात न शिजलेलं.