चाळिशी घरी राहिलेला माणूस

नमस्कार. मागच्या दोन रांगांत पालक बसलेत ते मला दिसतायत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासूनच करते. लातूर म्हटलं की नीट, जेईई, ट्यूशन, टेस्ट सिरीज, अन् त्यात एखादं लेकरू म्हणतं मला ग्राफिक डिझाईन करायचंय, मग घरात पहिला प्रश्न येतो की म्हणजे बोर्ड रंगवायचे का? दुसरा प्रश्न दोन महिन्यांनी येतो, जेव्हा पहिल्या सेमिस्टरचं सबमिशन घरच्या फरशीवर पसरलेलं असतं, आई पाणी प्यायला उठते अन् म्हणते, रात्रीचे दोन वाजले, हे काळे चौकोन काय चिकटवत बसलास, याची फी भरली का आम्ही? प्रश्न रास्त आहे. त्याचं नीट उत्तर पोरांना देता येत नाही, कारण बऱ्याचदा आम्ही शिक्षकही ते सांगत नाही, नुसती असाइनमेंट देतो अन् तारीख देतो. तर आज मी त्या काळ्या चौकोनांबद्दलच बोलणारे.

असाइनमेंट अशी असते. कार्ट्रिज पेपरवर, म्हणजे चित्रकलेच्या जाड कागदावर, २० सेंटीमीटरचा एक चौकोन आखायचा, काळ्या कागदाचे सारख्या मापाचे १० छोटे चौकोन कापायचे, रंग नाही, अक्षर नाही, चित्र नाही, अन् एवढ्यावर 'गर्दी' दाखवायची. दुसऱ्या शीटवर 'शिस्त'. तिसऱ्या शीटवर 'एकटं पडणं'. आता तिसऱ्याला बहुतेक सगळेच नऊ चौकोन एका बाजूला गोळा करतात अन् एक लांब कोपऱ्यात ठेवतात. बरोबर आहे, तसंच वाटतं ते बघताना. पण मी विचारते, हे एकटं का वाटलं? कागदाच्या तुकड्याला काय मन असतं? तो तर त्याच काळ्या कागदातून कापलाय, मापही तेच. एकटेपण त्या तुकड्यात नाहीच, ते बघणाऱ्याच्या डोक्यात तयार झालं. जे जवळ आहे ते एकमेकांचं अन् जे लांब आहे ते परकं, हे मन आपल्याला न विचारता ठरवून मोकळं होतं. एसटी स्टँडवर दोन बायका, एक लेकरू अन् तीन पिशव्या एका ठिकाणी दिसल्या की आपण म्हणतो हे एका घरचे, कुणी आधार कार्ड बघत नाही.

याच्यावर रीतसर अभ्यास झालाय. माक्स वर्टहायमर नावाचा मानसशास्त्रज्ञ १९१० साली रेल्वेनं चालला होता, त्याच्या डोक्यात असं आलं की आलटून पालटून लागणारे दिवे आपल्याला सरकल्यासारखे का दिसतात, खरं तर सरकत तर काहीच नाही. तो फ्रँकफर्टला उतरला, बाजारातनं एक खेळणं आणलं, चित्रं फिरवून हलती दिसतात ते, अन् तिथनं त्याचं काम सुरू झालं. १९१२ साली तो अभ्यास छापून आला, १९२३ साली ठिपक्यांवरचा आला, की कुठले ठिपके आपण एका गटात धरतो, जवळचे, सारखे दिसणारे, एका रेषेत जाणारे. त्यालाच आपण सिलॅबसमध्ये गेस्टाल्ट म्हणतो अन् परीक्षेत पाच मार्कांना लिहून विसरून जातो.

विसरू नका, कारण ते रोज तुमच्या हाताखाली आहे. आपल्या अक्षरावरची शिरोरेखा घ्या. ती रेघ म्हणजे नटवायची गोष्ट नाही, ती अक्षरं एकत्र बांधते अन् सांगते की हा एक शब्द. रेघ तुटली की शब्द संपला. मोडीत काय व्हायचं, आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायची अन् मग त्या रेघेला अक्षरं टांगत जायची, शब्द कुठं संपला ते रेघ सांगतच नव्हती, ते वाचणाऱ्यानं ओळखायचं, म्हणून जुने कागद वाचणाऱ्याला नुसती अक्षरओळख पुरत नाही. आता माझी पोरं काय करतात, इंग्रजी पोस्टरवर अक्षरं लांब लांब ठेवलेली बघतात, ते छान दिसतं, मग देवनागरीलाही तसंच ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवतात अन् शिरोरेखेचे तुकडे पडतात. 'महाविद्यालय' वाचायचं सोडून माणूस म, हा, वि असे दगड मोजत बसतो. तसंच दोन ओळींतलं अंतर. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, कारण ते अंतर, म्हणजे लीडिंग, इंग्रजीच्या सवयीनं दिलेलं असतं. मी कॉलेजात यायच्या आधी बारा वर्षं प्रेसमध्ये डीटीपी केलंय, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, कृषी सेवा केंद्राची बिलबुकं, तिथं मला कुणी गेस्टाल्ट शिकवलं नव्हतं पण मात्रा चिकटली की गिऱ्हाईक पत्रिका परत आणून टेबलावर ठेवायचं. त्यानं शिकवलं.

अजिंठ्याला गेलात तर पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर सगळे थांबतात, थांबाच, पण तिथंच एका खांबाच्या वरच्या भागात चार हरणं कोरलीत ती गाईडला दाखवायला सांगा. धडं चार, डोकं एकच. कुठल्याही हरणाकडं बघा, ते डोकं त्याचंच वाटतं. चारपैकी एकही हरीण अपुरं वाटत नाही. तुटक गोष्ट मन पुरी करून घेतं हे दीड हजार वर्षांपूर्वी छिन्नी धरणाऱ्याला नेमकं कळलं होतं, अन् ते आपल्याच मराठवाड्यात आहे, त्यासाठी जर्मन पुस्तक उघडायच्या आधी तिकीट काढून जाऊन या म्हणते मी.

दुसरी कंटाळवाणी असाइनमेंट म्हणजे ग्रे स्केल. पोस्टर कलरनं पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत १० पायऱ्या. मग तोच मधला राखाडी एकदा काळ्यावर ठेवायचा अन् एकदा पांढऱ्यावर, अन् तो दोन्हीकडं वेगळा दिसतो, पोरं भांडतात, मॅडम रंग तोच आहे, शप्पथ. तोच असतो. पॅरिसला गोबेलिनच्या कारखान्यात, तिथं भिंतीवरची विणकामं होतात, रंगाईचा प्रमुख शेव्रल म्हणून होता. तक्रार आली की काळा रंग फिका पडतो. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हतीच, शेजारचे धागे त्या काळ्याला बदलत होते. १८३९ साली त्यानं त्यावर ग्रंथ लिहिला. पैठणच्या मागावर बसणाऱ्याला हे पुस्तकाशिवाय माहीत असतं, काठाशेजारी कुठला रंग घेतला की जरीचं काम उठून दिसतं ते.

आता मला ज्यासाठी खरं बोलायचं होतं तिथं येते, म्हणजे एका मुलाचा प्रोजेक्ट. दुसऱ्या वर्षाचा मुलगा, जिंतूर तालुक्यातला, घरी कापूस अन् सोयाबीन. विषय होता 'रोजच्या वापरातली छापील वस्तू', बाकीच्यांनी चहाचे पुडे, साबण, बिस्किटं घेतली, यानं फवारणीच्या औषधाचं लेबल घेतलं. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय ते. त्याच्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो, दोन भाग केलेला, वर सूचना अन् खाली रंग. १९७१ च्या नियमांप्रमाणं चार रंग ठरलेत, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल अन् पिवळ्यावर विष असं लिहिलेलं, लालवर कवटीही, निळ्यावर धोका, हिरव्यावर सावधान अशा अर्थाचे शब्द. आता इथं नीट बघा. लाल, पिवळा, हिरवा हे तर चौकातल्या सिग्नलमुळं माणसाला पाठ आहेत, पण निळा? निळा म्हणजे आपल्याकडं पाणी, आभाळ, थंड. निळ्याला भ्यायचं हे कुणी कधी शिकवलंच नाही. अन् हिरवा म्हटलं की 'जा, काही होत नाही', खरं तर हिरव्यातही औषधच आहे, कमी विषारी म्हणजे बिनविषारी नाही. रंगाचा अर्थ रंगात नसतो, तो आपण कुठंतरी शिकून आलेलो असतो, ज्यानं शिकलाच नाही त्याला तो रंग काहीच बोलत नाही. २०१७ साली शेजारच्या विदर्भात यवतमाळला कापसावर फवारताना विषबाधा होऊन शेतकऱ्यांचे जीव गेले, त्याची कारणं पुष्कळ होती, एकट्या लेबलवर ते ढकलता येणार नाही, पण हा विषय चहाच्या पुड्याएवढा हलका नाही एवढं त्या मुलाला कळलेलं होतं.

कायद्यानं ठरलेलं लेबल बदलता येत नाही म्हणून त्यानं सोबत द्यायचं एक कार्ड करायचं ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीत पहिलं डिझाईन करून गावाकडं नेलं, मामाला दाखवलं. मामांनी कार्ड हातात धरलं, लांब केलं, जवळ आणलं, परत लांब केलं अन् म्हणले, "लई भारी केलंस की रे." पोरगं खूश. माझ्याकडं येऊन म्हणालं, मॅडम, युजर टेस्टिंग झालं, म्हणजे वापरणाऱ्याकडून तपासून झालं.

मी त्याला परत पाठवलं. त्याचं कारण सांगते. १९९५ साली जपानमध्ये कुरोसू अन् काशिमुरा या दोघांनी एटीएमच्या बटणांच्या वेगवेगळ्या मांडण्या लोकांना दाखवल्या, ही वापरायला किती सोपी वाटते अन् ही दिसायला किती छान वाटते असं विचारलं. जी दिसायला छान तीच लोकांना सोपीही वाटली, खरं सोपेपण काहीही असो. म्हणजे सुंदर गोष्ट माणसाला सोपी वाटते, वाटते, लक्षात घ्या. अन् इथं तर मामा आहेत, भाच्यानं केलंय म्हटल्यावर मामा वाईट म्हणतील का? म्हणून 'कसं वाटलं' विचारू नका. काम द्या अन् गप्प उभे राहा. मी त्याला सांगितलं, शेतात जा, दुपारी, अन् मामांना फक्त एवढं म्हण की एका पंपाला किती टाकायचं ते यावर बघून दाखवा.

त्यानं जे बघितलं ते वहीत लिहून आणलं, ती वही मी अजून दरवर्षी वर्गात दाखवते. पहिली ओळ, 'मामाची चाळिशी घरी देवळीत राहिलीय.' चाळिशी शेतात कोण नेतं? घामानं घसरते, पडली तर फुटते. म्हणजे वाचणारा माणूस पन्नाशीचा, जवळचं दिसत नाही, अन् आपण अक्षर ठेवलंय ६ पॉइंट, म्हणजे अगदी बारीक. दुसरी ओळ, 'ऊन कार्डावर चमकतंय.' त्यानं हौसेनं ग्लॉसी लॅमिनेशन केलं होतं. तिसरी, 'हाताला औषध लागलंय, कार्ड उलटवत नाहीत.' म्हणजे मागच्या बाजूला जे काही छापलं ते नसल्यातच जमा. अन् चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची, 'मामा म्हणाले हेक्टर कुणाला कळतंय, मला पंप सांग.' प्रमाण छापलेलं असतं हेक्टरी, शेत मोजतात एकरात, पाठीवर असतो पंधरा-सोळा लिटरचा पंप अन् औषध मोजतात टोपणानं. एका माणसानं भर उन्हात, ओल्या हातानं, तीन वेळा गणित करायचं, अन् चुकलं तर एकतर कीड मरत नाही नाहीतर दुसरंच काही होतं.

पोरगं हिरमुसलं होतं, मला वाईटही वाटलं अन् खरं सांगायचं तर फार आनंदही झाला. कारण आता त्याला पहिल्या सेमिस्टरचे काळे चौकोन आठवायला लागले. तो स्वतःच म्हणाला, मॅडम, टोपणाचं चित्र अन् त्याचा आकडा मी लांब ठेवलाय, ते एकमेकांचे वाटतच नाहीत. ग्रे स्केल आठवली, पिवळ्यावर पांढरं अक्षर उन्हात गायब होतं ते कळलं. दुसऱ्या फेरीत त्यानं सगळंच मोठं केलं, सगळंच ठळक, सगळंच लाल. ही चूक आपण सगळे करतो. चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स बघा, चाळीस फोटो, चाळीस नावं, प्रत्येकाला उठून दिसायचंय म्हणून कुणीच दिसत नाही. फॉन रेस्टॉर्फ नावाच्या बाईनं १९३३ सालीच दाखवलंय, सारख्यांच्या यादीत एक वेगळं असेल तर तेच लक्षात राहतं. एक असेल तर. मी त्याला एवढंच विचारलं, मामांना एकच गोष्ट दिसणार असेल तर कुठली दिसावी? तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा कार्डावर पंपाचं चित्र, त्याला खेटून टोपणं, अन् आकडा जवळजवळ अर्ध्या कार्डाएवढा. मॅट कागद. मागची बाजू कोरी.

पालकांनो, असल्या ठिकाणी अशा प्रकारे विचार करायला शिकवणं म्हणजे हे शिक्षण. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशात शंभरातल्या अठरा जणांनाच लिहिता-वाचता येत होतं, तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी अन् पेटीवर चिन्ह होतं, बैलजोडी, झोपडी. मराठवाडा तेव्हा नुकताच मोकळा झालेला, अन् इथल्या म्हाताऱ्या बायांनी चिन्ह बघून बरोबर पेटीत मत टाकलं. ती चिन्हं कुणीतरी बसून काढली होती.

ज्युरीच्या दिवशी त्या मुलाचं कार्ड बघून बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, आकडा फार मोठा झालाय, कंपोझिशन बिघडलंय. एसी रूममध्ये, ट्यूबलाइटखाली ते खरंच बेढब दिसत होतं. मुलगा काही वाद घालत बसला नाही, म्हणाला सर, पाच मिनिटं गच्चीवर येता का. साडेबारा वाजले होते. वर गेल्यावर त्यानं आम्हाला सगळ्यांना चष्मे काढायला सांगितलं, बाटलीतलं पाणी हातावर ओतलं अन् कार्ड एकेकाच्या हातात दिलं. मलाही जवळचं दिसत नाही आता. आकडा मला वाचता आला, टोपणं मोजता आली. खालचं वाऱ्याच्या दिशेचं चित्र मात्र मला उलटं कळलं, मी ते त्याला तिथंच सांगितलं, अन् त्यानं खिशातली पेन्सिल काढून, कठड्यावर कार्ड ठेवून, ते चित्र खोडून टाकलं.