दोनशे आला म्हणजे झालं, असं नसते

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या पोरापोरींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

मागं बसलेले सगळे पुढं या बरं, स्क्रीनवरचं अक्षर लहान आहे.

एपीआय टेस्टिंग म्हटलं की लोक बँकेचं नाहीतर शॉपिंगचं उदाहरण घेतात. आपण कापसाचा भाव घेऊ, कारण तो चुकला तर काय होते हे इथं कोणाला समजवावं लागत नाही. समजा तुम्ही ॲप बनवलं, शेतकऱ्यानं जिल्हा निवडला की आजचा भाव दिसला पाहिजे. ॲपजवळ भाव नसतो, ते दुसऱ्या सर्व्हरला विचारते, अन् हे विचारायची अन् उत्तर द्यायची जी ठरलेली पद्धत तोच एपीआय. डेटा डॉट जीओव्ही डॉट इन या केंद्र सरकारच्या साइटवर बाजार समित्यांच्या रोजच्या भावाचा एपीआय आहे, नोंदणी करा, की (म्हणजे विचारणारा कोण हे सांगणारा सांकेतिक शब्द) घ्या अन् वापरा. उत्तर जेसनमध्ये, म्हणजे नाव अन् त्यापुढं माहिती अशा जोड्यांच्या मजकुरात येते, त्यात बाजार, शेतमाल, तारीख, अन् क्विंटलचा किमान, कमाल अन् सर्वसाधारण भाव.

आता नवीन पोरगा काय करते, पोस्टमन, म्हणजे एपीआयला विनंती पाठवायचं टूल, उघडते, लिंक टाकते, सेंड दाबते, हिरव्या अक्षरात २०० ओके दिसला की झाली टेस्टिंग. पोस्टमन चांगलंच आहे, २०१२ मध्ये अभिनव अस्थाना या आपल्याच देशातल्या इंजिनिअरनं क्रोमचं एक्स्टेन्शन म्हणून सुरू केलेलं, पण ते फक्त विचारून देते, उत्तर बरोबर की चूक हे तुम्हालाच सांगावं लागते. २०० हा सर्व्हर उत्तरासोबत पाठवते तो स्थितीचा आकडा, त्याचा अर्थ एवढाच की सर्व्हरच्या मते काम नीट झालं. यादी रिकामी आली तरी २००, परवाचा भाव आजचा म्हणून आला तरी २००, अन् शेतकरी तो पाहून गाडी भरून मोकळा होते.

म्हणून तपासणी उत्तराच्या पोटात शिरून करायची. तारीख आजचीच आहे का? किमान भाव कमालपेक्षा जास्त तर नाही? आकडा खरंच आकडा आहे का, की स्वल्पविराम घातलेला मजकूर आहे, कारण तसा असला तर तुमची बेरीज तिथंच कोसळते. २०२४-२५ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७५२१ रुपये क्विंटल होता, अन् उत्तरात ७५ आले तर समजून जा का कोणीतरी किलोचा भाव भरला. हे कोणत्याही टूलला आपोआप समजत नाही, ते बाजार माहीत असलेल्या माणसालाच सुचते, अन् तुम्ही गावातले पोरं इथं मोठ्या शहरातल्या टेस्टरच्या पुढं आहात, हे मी मनापासून सांगतो.

मग मुद्दाम चुकीचं विचारून पाहा. की चुकीची दिली तर ४०१ नाहीतर ४०३ यावा, नसलेला पत्ता दिला तर ४०४, विनंतीच अर्धवट असली तर ४००, अन् मर्यादेपेक्षा जास्त वेळा विचारलं तर ४२९. चूक आपली असताना ५०० आला तर तो सर्व्हरचा बग आहे, लिहून ठेवा. अन् जिल्ह्याचं नाव देवनागरीत टाकून नक्की पाहा. लिंकमध्ये एकटा ‘य’ गेला तरी त्याचे तीन बाइट होतात अन् प्रत्येक बाइटमागं टक्क्याचं चिन्ह लागून नऊ अक्षरं होतात, हे कुठं अर्धवट उलगडलं गेलं की ‘यवतमाळ’ सापडतच नाही, यादी रिकामी, अन् वरून पुन्हा २००च.

पैशाचा एपीआय असला तर आणखी एक गोष्ट. पोरानं पेमेंट दाबलं, विनंती पोचली, पैसे कटले, पण उत्तर यायच्या आत रेंज गेली, अन् ॲपनं तीच विनंती परत पाठवली. दोनदा पैसे कटायला नको, त्यासाठी प्रत्येक व्यवहाराला एक वेगळा क्रमांक जोडतात, तोच क्रमांक परत आला की सर्व्हरनं नवीन व्यवहार न करता जुनंच उत्तर द्यायचं. आपल्याकडं रेंज कशी आहे ते पाहता ही टेस्ट मी सगळ्यात आधी करीन.

हे झालं ॲप लोकांच्या हाती जायच्या आधीचं. मॉनिटरिंग म्हणजे नंतरही दर काही मिनिटांनी कोणीतरी तपासत राहणं. बरेच जण फक्त सर्व्हर चालू आहे का एवढं पाहतात, पण दुकानाचं शटर उघडं अन् आत मालच नाही असंही असू शकते ना. खरा भाव मागा अन् त्याची तारीख पाहा.

वेळेचं काय, तर सरासरीवर विसंबू नका. वीस विनंत्यांपैकी एकोणीस ०.२ सेकंदात आल्या अन् एकीला १० सेकंद लागले, तरी सरासरी ०.६९ सेकंदच निघते, रिपोर्ट छान दिसते, अन् तो विसावा माणूस स्क्रीनकडं पाहत बसते. म्हणून पंचाण्णव टक्के अन् नव्याण्णव टक्के विनंत्या किती वेळाच्या आत आल्या ते पाहतात. तसंच ९९.९ टक्के चालू असं कोणी म्हटलं तर तीस दिवसांत साधारण ४३ मिनिटं बंद राहायची मुभा त्यात आहे, अन् ती ४३ मिनिटं रात्री दोनला गेली की ऐन लिलावाच्या वेळी गेली, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अन् तपासणी कुठून करता तेही बघा बाप्पा. मुंबईच्या डेटा सेंटरमधून सगळं झकास दिसते. एखादी तपासणी तालुक्याच्या गावातून, साध्या मोबाइल नेटवर चालवा, काहून की तुमचा वापरणारा तिथं आहे. अलर्टही मोजकेच ठेवा. दर पाच मिनिटांनी फोन वाजला की माणूस तो सायलेंटवर टाकते, मग खरा बिघाडही तिथंच दबते. लागोपाठ तीन तपासण्या फसल्या तरच फोन वाजवा, अन् मेसेजमध्ये कोणता एपीआय, काय अपेक्षित होतं अन् काय आलं हे लिहा, म्हणजे झोपेतून उठलेल्याला लगेच समजन.

चला, आता लॅब उघडली आहे, कर्ल, म्हणजे कमांड टाइप करून विनंती पाठवायचं टूल, तिथं आधीच आहे. की घ्या, आपल्या बाजार समितीचा भाव मागवा अन् पहिली तपासणी तारखेची लिहा.