पाचातली एक फेरी

मंडळी, वाहतुकीवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : रस्ता रुंद कधी होणार? विचारणाऱ्याची चिडचिड मला समजते. रोज त्याच सिग्नलला ताटकळणाऱ्याला दुसरं काय सुचणार? पण रस्ता रुंद झाला, की गर्दीला कंटाळून लवकर निघणारे, बसने जाणारे, जाणंच टाळणारे असे सगळे पुन्हा त्याच वेळी त्याच रस्त्यावर उतरतात. डुरांटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकेतल्या शहरांबद्दल हेच दाखवलं. महामार्गांच्या मार्गिका जितक्या टक्क्यांनी वाढल्या, जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी त्यांच्यावरची गाड्यांची धावही वाढली.

मग करायचं काय? आधी कोंडीचा स्वभाव ओळखू या. रस्ता भरत आला, की शेवटच्या थोड्या गाड्या सगळा खेळ बिघडवतात. उलटंही तितकंच खरं. शाळांना सुट्टी लागते तेव्हा रस्ता किती मोकळा वाटतो, आठवून पाहा. गाड्या तर थोड्याच कमी झालेल्या असतात! म्हणून मी कुणालाही गाडी विकायला सांगत नाही. पाच फेऱ्यांतली एक बदलली तरी पुष्कळ झालं.

स्टॉकहोमने हे करून पाहिलं. २००६च्या जानेवारी ते जुलै या सात महिन्यांत शहराच्या मध्यभागात गाडी आणण्या-नेण्यावर शुल्क लावलं. गर्दीच्या वेळी जास्त, रात्री काहीच नाही. वेशीवरची रहदारी सुमारे २० टक्क्यांनी घटली, रांगा त्याहून कितीतरी जास्त आटल्या. गंमत अशी, की जादा बस आधीच, म्हणजे २००५च्या ऑगस्टमध्ये, सुरू झाल्या होत्या. नुसत्या त्यांनी गाड्या काही कमी झाल्या नव्हत्या. शुल्क आलं तेव्हा मात्र रस्ते मोकळे झाले. याचा अर्थ बस नकोत असा मी मुळीच काढत नाही. पर्याय हाताशी नसताना शुल्क लावणं म्हणजे लोकांना दंड करणं, आणि ते अन्यायाचं आहे. सुरुवातीला तिथे बहुसंख्य लोक विरोधात होते. सात महिने अनुभव घेतल्यावर, सप्टेंबरच्या सार्वमतात शहराने बाजूने कौल दिला आणि २००७ साली शुल्क कायमचं झालं. आधी अनुभव द्यावा, मग मत विचारावं, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

शुल्काचं नाव निघालं, की 'सामान्य माणसाला भुर्दंड' अशी ओरड होते. पण फुकट पार्किंगचा भुर्दंड कोण भरतं? जागेला पैसे पडतातच. कार्यालय गाडीवाल्याला जागा फुकट देतं, तेव्हा चालत येणाऱ्याला त्या बदल्यात काहीच मिळत नाही. कॅलिफोर्नियाने १९९२ साली यावर सुंदर तोडगा काढला : भाड्याने घेतलेली पार्किंगची जागा कर्मचाऱ्याला फुकट देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी, ती नको असेल तर तेवढे पैसे रोख द्यायचे. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी अशा आठ कंपन्या तपासल्या. एकट्याने गाडी घेऊन येणाऱ्यांचं प्रमाण ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आलं होतं. कुणावर सक्ती नाही, कुणाला उपदेश नाही. लोकांनी आपापला हिशेब केला, एवढंच.

उपदेशाचा मला खरंच धसका आहे. 'पर्यावरणासाठी सायकल चालवा' असं फलकावर लिहून कुणी सायकल काढत नाही. पदपथ सलग असेल, चौक ओलांडताना जिवाची भीती वाटणार नाही, बस सांगितलेल्या वेळेला येईल, तर माणूस आपसूक बदलतो. आजारी माणूस, अवजड सामान, आडवेळेची पाळी यांना गाडी लागणारच. त्यांच्यासाठी तरी रस्ता मोकळा व्हायला हवा.

राहता राहिली सवय. २०१४च्या फेब्रुवारीत लंडनच्या भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला. अनेक स्थानकं बंद पडली आणि लोकांना नाइलाजाने वेगळे मार्ग शोधावे लागले. संप मिटल्यावर त्यांच्यापैकी सुमारे पाच टक्के लोक त्या नव्या मार्गावरच राहिले. रोज जाणाऱ्यांनाही आपला सोयीचा मार्ग ठाऊक नव्हता! सवय अशी मोडते ती घडी विस्कटल्यावरच. घर बदलताना, नोकरी लागताना, मूल नव्या शाळेत जाताना घडी आपोआप विस्कटलेली असते. त्याच आठवड्यात नव्या कर्मचाऱ्याच्या हातात नेमणूकपत्राबरोबर महिन्याचा बसपास आणि घरापासूनच्या बसचं वेळापत्रक ठेवा. सहा महिन्यांनी द्याल, तोवर त्याने गाडीचा रस्ता पाठ केलेला असेल.